पोपने समलिंगी लग्नाला परवानगी दिलेली नाही

रविवारी उपासना सुटल्यावर मामीने चपला घालता घालताच मोबाईल पुढे केला. मेसेज असा: ‘पोपने समलिंगी लग्नं मान्य केली, आता नवापूर, चिंचपाड्याच्या चर्चमध्येही ती लावावी लागतील. बाया बिशप होतायत त्याच हुकमाने.’ चार ग्रुपवर फिरलाय, म्हणून हा खुलासा.

मेसेजमागे आहे ते व्हॅटिकनचं, म्हणजे पोपच्या मुख्यालयाचं, १८ डिसेंबर २०२३ चं पत्रक. समलिंगी जोडप्याने मागितला तर धर्मगुरूने साधा आशीर्वाद द्यायला हरकत नाही, एवढंच त्यात आहे. तोही विधीविना, लग्नाचा पेहराव नको, लग्नातले शब्द नकोत. दहा-पंधरा सेकंदांचा आशीर्वाद, असं व्हॅटिकननेच नंतर स्पष्ट केलं. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही शिकवण पत्रकात जशीच्या तशी आहे.

आणि मुळात पोप हे कॅथलिक चर्चचे प्रमुख. आपल्याकडच्या बऱ्याच चर्च-मंडळ्या प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या, मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. पोपचा हुकूम त्यांना लागू कसा होईल? कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ लाच समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली.

बायांचा विषय तर वेगळाच. कॅथलिक चर्चमध्ये आजही स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही. चर्च ऑफ साऊथ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप (अनेक चर्चवरच्या प्रमुख धर्मगुरू) झाल्या, त्या त्यांच्याच चर्चच्या नियमाने. व्हॅटिकनचं पत्रक त्यानंतर दहा वर्षांनी आलं!

मामीने मेसेज डिलीट केला. ‘पण बाई पाळक झाली तर बिघडलं काय?’ हे मात्र तिने जाता जाता विचारलंच.