आधी सर्व्हर, मग विचार!

दर वेळी तेच! जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीचा, प्रकल्प मंजूर झाला की पहिली फाइल फिरते ती सर्व्हर खरेदीची. अहो, पण एका वेळी किती जण नकाशा उघडणार, ऐन गर्दीच्या तासाला मिनिटाला किती नकाशे काढावे लागणार, दुरुस्त्या करणारे किती नि नुसते बघणारे किती, हे कुणी मोजलंय का? विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते नंतर बघू, आधी निधी खर्ची पडू दे."

मग काही महिन्यांत ओरड सुरू, नकाशा उघडत नाही. परवा मी स्वतः शेजारी बसून पाहिलं. लांबच्या कार्यालयातला कर्मचारी डेस्कटॉपवरून थेट मुख्यालयातल्या डेटाबेसला जोडलेला. एक नकाशा उघडायला डेटाबेसकडे 300 फेऱ्या (विचारणा जायची, उत्तर परत यायचं), एकेका फेरीला 100 मिलिसेकंद. म्हणजे 30 सेकंद निव्वळ वाट बघण्यात गेले! सर्व्हरचा प्रोसेसर तेव्हा रिकामा बसलेला. तरी बैठकीत मागणी काय, तर आणखी मोठा सर्व्हर! नकाशा मुख्यालयातच तयार करून फक्त चित्र पाठवा, नकाशातल्या न बदलणाऱ्या थरांच्या टाइल्स, म्हणजे चित्रांचे छोटे चौकोनी तुकडे, आधीच बनवून ठेवा, आहे तोच सर्व्हर पुरेल. किती वेळा घसा कोरडा करायचा?

आणि जमिनीच्या हद्दींची प्रत्येक विभागाकडे वेगळी प्रत! एकाने दुरुस्ती केली तर दुसऱ्याला पत्ता नाही. उद्या पूर आला तर कुठली प्रत खरी, हे काय मध्यरात्री फोनवर ठरवायचं?