'आडदांडपणाचं कौतुक' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

ठोसे खाऊन जिंकणाऱ्या बॉक्सरांवरच्या माझ्या लेखाखाली आपण परवा रात्री जे लिहिलंत, ते मी हरभऱ्याच्या बांधावर वाचलं. आमच्याकडे शेतीची लाइन पहाटे तीनला येते, म्हणून त्या वेळी जागा होतो. वाचता वाचता पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत गेलं, तेही कळलं नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी आडदांडपणाचं कौतुक करतो, त्यामुळे पोरं तंत्राकडे पाठ फिरवतील. हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानोने हरवलेले मोठे बॉक्सर उताराला लागलेले होते. जेक ला मोटा शुगर रे रॉबिन्सनशी सहा वेळा लढला आणि पाच वेळा हरला, हे मी गाळलं. मार्सियानोपुढे जो वॉलकॉट बाराव्या नाही, तेराव्या राउंडला पडला. आणि शेवटी, "खेड्यात बसून मोबाइलवर जुन्या लढती पाहिल्या म्हणजे बॉक्सिंग कळत नाही."

आधी चूक मान्य करतो. 23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया, तेरावा राउंड. वॉलकॉटचं तेरावं मी एक दिवस आधी उरकलं. लेखात दुरुस्ती केली आहे, धन्यवाद.

आता ते खेडं.

आपण पुण्यात पंधरा वर्षं पोरं शिकवता असं लिहिलंत. आनंद आहे. पण "खेड्यात बसून" या दोन शब्दांची गरज काय होती? माझं चुकलं असेल तर ते पुण्यात बसूनही चुकलंच असतं ना? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून पोरं घडवत आहे. नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला पोलंडमध्ये युवा जागतिक विजेती झाली. नागपूर खेडं नाही, असं आता आपण म्हणाल. बरोबर आहे. पण तुमच्याकडून पाहिलं की वर्ध्याच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं एकच दिसतं, हा अनुभव जुना आहे.

आणि मोबाइलवर पाहिलेलं म्हणाल, तर ऐका. 1994 ला मी कॉलेजात होतो. आमच्याकडे पंचिंग बॅग नव्हती. काकाने युरियाच्या पोत्यात चिंध्या आणि सरकी भरून ते गोठ्याच्या आड्याला टांगलं होतं. पावसाळ्यात सरकी ओल धरायची, मग ते पोतं असं जड व्हायचं की मनगट सुजायचं. त्या तयारीवर मी जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला गेलो. समोर शहरातला, नीट शिकलेला पोरगा. पहिल्या राउंडमध्ये मी त्याला शिवू शकलो नाही. डावा हात नुसता येत होता, नाकावर, कपाळावर, परत नाकावर. कोपऱ्यात काका म्हणाला, "तोंडाकडे कायले पायतं बे? तोंड हालते, बरगडी कुठी जाते? बरगडी पाय."

दुसऱ्या राउंडमध्ये तीन खायचे आणि एक बरगडीत द्यायचा, एवढंच केलं. तिसऱ्या राउंडला त्याचे कोपर खाली आले, पाय जड झाले. मागे सरकायला दोर होते, मी होतो, आणि मध्ये हात लांबवायलाही जागा नव्हती. जिंकलो. त्याला आदल्या रात्रीपासून जुलाब होते असं नंतर कोणीतरी पसरवलं. पसरवणारे पसरवतात.

मी लेखात हेच लिहिलं होतं, ते आपण बहुधा रागाच्या भरात वाचलं नाही. तंत्र खोटं असतं असं मी म्हटलेलंच नाही. तंत्राला अंतर लागतं, पाय लागतात, दम लागतो. मार्सियानोच्या हातांचा पल्ला जेमतेम 68 इंच, वॉलकॉटचा 74. मार्सियानो लांबून खेळला असता तर हातच पोचला नसता. म्हणून तो वाकून, आत घुसून, दंडावर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे मारत राहायचा. दंडावरच्या ठोशाला गुण नाहीत, पण दहा राउंडांनंतर तो दंड वर येत नाही. पहिल्याच राउंडला वॉलकॉटने त्याला खाली पाडलं होतं. बारा राउंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. मग तेराव्यात एकच आखूड उजवा ठोसा.

आणि वॉलकॉट 38 वर्षांचा होता म्हणून हरला म्हणता, तर त्या म्हाताऱ्याने बारा राउंड आघाडी कशी ठेवली?

दुसरी गोष्ट. शिकलेला बॉक्सर शिकलेल्यांशीच सराव करतो. खांदा हलला की ठोसा कुठून येणार, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. अडाण्याचा खांदा काहीच सांगत नाही. नीट शिकलेल्या व्हर्नन फॉरेस्टने 2002 ला शेन मोस्लीसारख्या मोठ्या बॉक्सरला दोनदा हरवलं. जानेवारी 2003 ला निकाराग्वाचा, सिगारेट ओढणारा रिकार्डो मायोर्गा आला, आणि त्याने तिसऱ्या राउंडमध्येच फॉरेस्टला संपवलं. डिसेंबर 2013 ला अर्जेंटिनाच्या मार्गारिता नावाच्या लहानशा गावातल्या मार्कोस मैदानाने तोवर अजिंक्य असलेल्या एड्रियन ब्रोनरला दोनदा पाडून हरवलं. हो, गावातल्या. मुद्दाम लिहिलं.

आमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिला असता तर आपल्याला हे लवकर कळलं असतं. पटाच्या बैलाचा डौल वेगळाच, धुरळा खाली बसायच्या आत तो पार निघून जातो. पण त्याला भर दुपारपर्यंत वखराला जुंपून पाहा. पंधरा राउंडांची लढत हा वखर होता, सर. (माझी लढत तीनच राउंडांची होती हे आपण काढणारच, म्हणून मीच सांगून टाकतो. 45 अंशात पत्र्याच्या शेडमध्ये तीनही पुरतात.)

ला मोटाचं गणित मलाही येतं. पण 5 फेब्रुवारी 1943 ला डेट्रॉइटमध्ये ला मोटाच्या ठोशाने रॉबिन्सन दोरांतून बाहेर पडला आणि हरला, तोवर तो व्यावसायिक एकही लढत हरला नव्हता. माझा लेख त्या रात्रीवर होता. उरलेल्या पाच रात्रींवर आपण लिहा, मी वाचेन.

पोरं बिघडतील म्हणता, त्यावर काय बोलू? आमच्या गावात बॉक्सिंग शिकणारी पोरं सध्या दोन आहेत, त्यातला एक कापूस वेचणीला गेलेला आहे.

बाकी आपण मोठे, अनुभवी. दिवाळीनंतर इकडे आलात तर भाकर-पिठलं खाऊन जा. ते पोतं अजून गोठ्यात टांगलेलं आहे. यंदा पाऊस उशिरापर्यंत होता, तेव्हा हाताला पट्टी मात्र घेऊन या.