शेणखत म्हटलं की आपण निर्धास्त!

रासायनिक की सेंद्रिय, या वादाचा आता मला कंटाळा आलाय. दोन्हीकडचे लोक खताच्या पोत्यावरून भांडतात, पाण्याकडे कुणी बघत नाही.

2018 मध्ये अमेरिकेत युमा भागातला रोमेन लेट्यूस (सॅलडमधली पालेभाजी) खाऊन 210 जण आजारी पडले, 5 जण दगावले. तपासात आजाराला कारण ठरलेला ई-कोलाय जिवाणू सिंचनाच्या कालव्यात सापडला. हा पाला कच्चाच खायचा, त्यामुळे कालव्यात जे होतं ते थेट ताटात आलं.

पालेभाजीची जुडी सोडून बघा. देठाच्या बेचक्यात चिखलाचे बारीक शिंतोडे दिसतील. पाण्याचा थेंब मातीवर आपटला की खालची पानं अशीच माखतात. नळाखाली धरली की माती जाते, पण पानाच्या घडीत बसलेले सगळे जिवाणू काही जात नाहीत. ठिबकाचं पाणी मुळाशी पडतं, पान कोरडं राहतं. ठिबकाचा हा फायदा मात्र कुणी सांगत नाही.

आता शेणखत. ते नैसर्गिक आहे हे कबूल, पण जंतूही नैसर्गिकच असतात की! अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत घातल्यावर, खायचा भाग मातीला लागत असेल तर 120 दिवस, नसेल तर 90 दिवस काढणी करता येत नाही. उघड्यावर लांब ढीग लावून कंपोस्ट करायचं तर किमान 15 दिवस 55 अंशांच्या वर तापमान आणि 5 वेळा पलटी. असा तापलेला ढीग उकरला की वाफ येते, आत हात ठेववत नाही. नुसतं वाळलेलं शेण म्हणजे कुजलेलं खत नव्हे.

युरियावाल्यांनी लगेच खूश होऊ नये. त्यात 46 टक्के नत्र असतं. पिकानं न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की मोठा धोका त्या पाण्यात पावडर कालवून बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. पाणी उकळून उपयोग नाही. ते आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

'शेतकऱ्यानं पाणी तपासून घ्यावं' असा सल्ला आता येईलच. घेईल तो तपासून. पण अहवाल खराब आला तर दुसरं पाणी आणायचं कुठून? सांडपाणी सोडणारं शहर नदीच्या वरच्या अंगाला, शेतकऱ्याचा पंप खालच्या. तपासणीचं बिल मात्र पंपवाल्याच्या नावावर.