गंधकाला हात लावू नका, इथेनॉलचा टक्का हलता ठेवा

पेट्रोलच्या वादात कुणी तरी स्वच्छ हवा हवी की पुरेसा पुरवठा अशी भांडणं लावतं तेव्हा मला २०१० आठवतं. देशातल्या मोजक्या तेरा शहरांत बीएस-४ इंधन (धुराच्या सरकारी मापदंडाच्या चौथ्या टप्प्याचं) आलं, त्यात मुंबई-पुण्याच्या रांगेत आपलं सोलापूर होतं. इथल्या पंपावर पेट्रोलमध्ये गंधक जास्तीत जास्त ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० भाग, आणि तासाभरावरच्या तुळजापुरात १५० पर्यंत चालायचं. गाड्या थोड्याच वेशीवर थांबतात? गंधकानं गाडीचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची धार बोथट होते आणि मग नवी गाडीसुद्धा जास्त विष ओकते. हवा एकाच शहराची स्वच्छ करता येत नाही, हे आपण अनुभवलंय.

१ एप्रिल २०२० पासून देशभर एकच, १० पीपीएमचं बीएस-६ आलं. निर्णय २०१६ च्या जानेवारीत झाला होता. रिफायनऱ्यांना चार वर्षं मिळाली, म्हणून पंप कोरडे पडले नाहीत. नियम कडक हवा आणि वेळ भरपूर हवा, माझं म्हणणं एवढंच आहे.

इथेनॉलचं मात्र उलट झालं. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढलं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला विरोध कोण करेल? उसाचं बिल वेळेवर मिळायला त्याची मदत झाली, हे मी मनापासून मानतो. पण २०२३ ला पाऊस रुसला, उजनी धरण भरलं नाही, आणि डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या, त्यांनी काय करायचं? ऊस कमी पडला तेव्हा मक्यावर भार आला आणि कोंबडीच्या खाद्याचा भाव चढला.

म्हणून इथेनॉलचा आकडा ठोकून बसवू नये. पाण्याच्या वर्षी वीस, दुष्काळात बारा-पंधरा, अशी मुभा नियमातच लिहा आणि गाळप सुरू होण्याआधी जाहीर करा. त्यानं हवेचं फारसं बिघडत नाही. गंधक आणि पेट्रोलमधल्या विषारी बेंझीनची मर्यादा मात्र कुठल्याही टंचाईत सैल करू नका.

आणि जुन्या गाड्यांचं काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ई-२० नं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं, जुन्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के, दुचाकीचं तीन-चार टक्के घटू शकतं, आणि त्यांच्यासाठी दहा टक्क्यांचं ई-१० मिळत राहावं. हातावर पोट असलेला माणूस दहा-बारा वर्षांची दुचाकी चालवतो. त्याला तालुक्याला निदान एका पंपावर ई-१० द्या, आणि प्रत्येक नोझलवर टक्का मोठ्या मराठी अक्षरांत लिहा.