६२८ खऱ्या आणि १००९ खोट्या?

रविवारी भाचा सरावाहून आला, किटबॅग दारातच टाकली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "मामा, प्रणवच्या हजार धावा फेक होत्या का?" चौदा वर्षांचं पोर, कल्याणातच खेळतं. प्रणव धनावडे त्याच्यासाठी काय आहे ते मी सांगायला नको.

फॉरवर्डचा मजकूर असा: भारतात जन्मलेल्या ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्रजानं १८९९ मध्ये एका दिवसात, कसलेल्या गोलंदाजांना झोडपत नाबाद ६२८ केल्या; पुढे तो इंग्लंडकडून खेळला; महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवून गेला. धनावडेनं २०१६ मध्ये चिल्ल्यापिल्ल्यांना मारून १००९ केल्या, त्या विक्रमात धरत नाहीत. खाली तिरंगा. तो कशासाठी, देव जाणे.

जन्माचं खरं आहे, मान्य. हजारीबाग, १८८५, वडील आयसीएसमध्ये न्यायाधीश. शाळेत जाईपर्यंत आईवडील दोघंही गेले होते.

इंग्लंडकडून? प्रथम श्रेणीचा एक सामनासुद्धा नाही. पुढे लष्करी संघांतून खेळला, लॉर्ड्सवरही उतरला, पण तो रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलाच्या संघातून. एका दिवसात? चार दुपारी मिळून सहा तास पन्नास मिनिटं.

आता ते "कसलेले गोलंदाज". इथे माझं डोकं फिरलं. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेतला ज्युनियर हाउस सामना, म्हणजे शाळेतल्याच दोन गटांचा सामना होता तो, क्लार्क्स हाउस विरुद्ध नॉर्थ टाउन. म्हणजे एकाच शाळेतली लहान पोरं आपसात खेळत होती. कॉलिन्स स्वतः तेरा वर्षांचा. त्याचे बरेच झेल सुटले. जवळच्या सीमारेषेला दोनच धावा मिळायच्या आणि उताराच्या बाजूला गेलेल्या चेंडूवर सगळ्या पळून काढायच्या. एका स्कोअररच्या तोंडी तर असं सांगतात की ६२८, त्यात वीस इकडे किंवा तिकडे!

स्कोअरबुकातली फोड मी भाच्याला कागदावर मांडायला लावली: एक षटकार, चार वेळा पाच-पाच, एकतीस वेळा चार, तेहतीस वेळा तीन, एकशे शेचाळीस वेळा दोन, सत्त्याऐंशी एकेरी. पहिल्यांदा त्याचे ६०८ आले, कारण पाच-पाच विसरला होता. मग बरोबर ६२८. "एकच सिक्स?" म्हणाला. हो बाबा, एकच. बाकी बरंचसं पायांवर. क्लार्क्स हाउसच्या ८३६ झाल्या, नॉर्थ टाउनच्या दोन डावांत ८७ आणि ६१. वर कॉलिन्सनंच दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. कसलेल्या संघाची ही अवस्था असते होय?

कल्याणला समोरचा आर्य गुरुकुलचा संघ कच्चा होता, हे मी नाकारत नाही. ३१ आणि ५२ मध्ये आटोपले ते. पण पंधरा वर्षांच्या रिक्षावाल्याच्या पोरानं भंडारी कपच्या आंतरशालेय सामन्यात ५९ षटकार आणि १२९ चौकार मारले, के. सी. गांधी शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला. अधिकृत सामन्यातली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या म्हणून आज हीच खेळी मोजतात. इंग्रज पोरानं इंग्रज पोरांना धुतलं की दंतकथा, आणि कल्याणात तेच झालं की "फेक"? कच्च्या प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा काढायचाच तर दोघांच्या बाबतीत काढा, नाहीतर गप्प बसा. पुढे प्रणव मोठ्या क्रिकेटमध्ये चमकला नाही हेही मला ऐकवतील. कॉलिन्स तरी कुठे चमकला होता?

राहिला व्हिक्टोरिया क्रॉस. तो त्याला मिळाला नाही. लष्करी खलित्यात नावाचा गौरवानं उल्लेख झाला, तेवढाच. रॉयल इंजिनिअर्सचा कॅप्टन कॉलिन्स ११ नोव्हेंबर १९१४ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या पहिल्या लढाईत मारला गेला. वय एकोणतीस, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शव सापडलं नाही, म्हणून ईप्रमधल्या मेनिन गेट या स्मारकावर हजारो बेपत्तांच्या नावांत त्याचंही नाव कोरलंय.

हे ऐकून भाचा जरा वेळ गप्प बसला. मग किटबॅग उचलता उचलता म्हणाला, "मामा, पण पळून पाच कसे काढतात?"