‘मग सर्टिफिकेट कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

साखरपुड्याच्या अंगठीचा हिरा निवडताना पैसे आधी कटवर (म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्यावर) घाला, रंग आणि क्लॅरिटीच्या (म्हणजे आतल्या दोषांच्या प्रतवारीच्या) वरच्या पायऱ्यांवर नको, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘होणारा नवरदेव’ या नावाने एका वाचकाने चांगलंच खडसावलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : “ताई, तुम्ही मुंबईत बीकेसीतल्या हिरे बाजारात हिरे असॉर्ट करता (प्रतीनुसार वेगळे करता), तुमचे डोळे तयार आहेत. आमचे नाहीत, म्हणूनच तर सर्टिफिकेट असतं ना? मला दोन खडे दाखवलेत. पहिला ५० सेंट (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट), ई रंग, व्हीव्हीएस२. दुसरा ४६ सेंट, जी रंग, व्हीएस२. पहिला थोडा महाग आहे, पण सगळ्याच बाबतींत सरस आहे. तुमचं ऐकून मी हलका आणि डागाचा खडा घ्यायचा? घरी काय सांगू? उद्या विकायची वेळ आली तर? आणि लॅब-ग्रोनवर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांवर, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, त्यामागे काय हितसंबंध आहेत?”

प्रश्न सगळे रास्त आहेत, शेवटच्याची खोच सोडली तर. आणि त्यांनी एक फार चांगलं काम केलं : दोन्ही जीआयए (हिऱ्यांची प्रतवारी करणारी अमेरिकेतली संस्था) रिपोर्टांवरचे आकडे प्रतिक्रियेत उतरवून दिले. त्यामुळे हवेत बोलायची गरज नाही, तुमच्याच दोन खड्यांवर बोलू. (नव्या वाचकांसाठी : रंगाची अक्षरं डीपासून उतरत जातात, डी सगळ्यात पांढरा. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय या क्लॅरिटीच्या उतरत्या पायऱ्या.)

सर्टिफिकेट वाचू नका असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही अर्धंच वाचलंत, एवढंच माझं म्हणणं. वरच्या चार ओळी वाचल्यात : वजन, रंग, क्लॅरिटी, आणि कट. त्यातली चौथी तुम्ही तुलना करताना साफ गाळलीत, पण तुम्ही उतरवलेल्या आकड्यांत ती आहे. पहिल्या खड्याचा कट ‘गुड’, दुसऱ्याचा ‘एक्सलंट’. दुकानात ‘गुड’ ऐकलं की छान वाटतं. पण जीआयएच्या पाच पायऱ्यांत एक्सलंट, व्हेरी गुड, मग गुड, त्याखाली फेअर आणि पूअर. गुड म्हणजे बरोबर मधली पायरी.

आता त्याखालची मापं बघा. पहिला खडा ४.९२ ते ४.९६ मिलिमीटर रुंद आणि ३.२१ मिलिमीटर खोल. दुसरा ४.९६ ते ४.९९ रुंद आणि ३.०६ खोल. पुन्हा एकदा वाचा. ४६ सेंटचा खडा ५० सेंटच्या खड्यापेक्षा रुंद आहे! अगदी केसभर, पण रुंदच. बोटात घातल्यावर माणसाला वरून दिसते ती ही रुंदी. खोली कोंदणात जाते. मग पहिल्यातले ते जास्तीचे चार सेंट गेले कुठे? रिपोर्टवर ‘गर्डल’ची ओळ आहे, तिथे पहिल्यासाठी ‘थिक टु व्हेरी थिक’ लिहिलंय. गर्डल म्हणजे खड्याची कंबर, वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कड. थोडं वजन त्या जाड कंबरेत, बाकीचं पोटात. फ्लॅट घेताना बिल्ट-अपचे पैसे मोजतो आणि राहतो कार्पेटमध्ये, तसंच हे.

हे चुकून होत नाही. हिऱ्याचा भाव वजनाबरोबर सरळ चढत नाही. ३०, ५०, ७०, ९० सेंट आणि १ कॅरेट अशा टप्प्यांवर तो उडी मारतो. ४९ सेंटच्या आणि ५० सेंटच्या खड्याचा दर सेंटमागेसुद्धा वेगळा. त्यामुळे कच्चा हिरा हातात आल्यावर कारखान्यात हिशेब होतो : नीट पैलू पाडले तर ४६ निघेल, पोट आणि कंबर थोडी जाड ठेवली तर ५० गाठता येईल. पैलू पाडणाऱ्याला कमी येतं म्हणून नव्हे, ५०चा आकडा विकला जातो म्हणून असे खडे बनतात. तुमच्या पहिल्या खड्याचे आकडे बघून मला तरी तेच दिसतं.

याच्या उलट वागणारेही असतात. आपल्या त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हिरा, ज्याला जग ‘नासक’ म्हणून ओळखतं, तो १८१८च्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या हाती लागला. तेव्हा त्याचं वजन ९० कॅरेटच्या आसपास होतं. इंग्लंडमध्ये एकदा पैलू बदलले, तेव्हा वजन घटलं. मग १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो विकत घेऊन पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरेटवर आणला. म्हणजे मूळच्या निम्म्याहून कमी. देवाचा हिरा तो तिकडे गेला याचं दुःख वेगळं. पण हिऱ्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसाने वजन जाळून रूप घेतलं, हे लक्षात घ्या.

रूप म्हणजे नेमकं काय, तेही तुमच्या आकड्यांतच आहे. हिऱ्याच्या वरच्या भागाला सुरतेचे कारागीर मथाळा म्हणतात आणि खालच्या निमुळत्या भागाला तळिया. प्रकाश मथाळ्यातून आत जातो, तळियाच्या पैलूंवर आपटतो, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो आणि पुन्हा वरून बाहेर येतो. तळियाचा कोन चुकला तर तो खालूनच निसटतो आणि तेवढी जागा मंद दिसते. १९१९ साली मार्सेल टॉल्कोव्स्की या हिऱ्यांच्या धंद्यातल्याच घराण्यातल्या इंजिनिअरने याचं गणित मांडलं : मथाळ्याचा कोन ३४.५ अंश, तळियाचा ४०.७५. आज सगळे नेमके तेच आकडे धरत नाहीत, पण चांगले गोल खडे त्याच्याच आसपास असतात. तुमच्या दुसऱ्या खड्याचे कोन ३४.५ आणि ४०.८ आहेत. पहिल्याचे ३६.५ आणि ४२. दिसायला फरक एक-दोन अंशांचा. पण दोन्ही कोन एकाच वेळी चढे असले की एकाची कसर दुसरा भरून काढू शकत नाही. असा खडा दुकानाच्या दिव्यांखाली झगमगतो आणि ढगाळ दिवशी गाडीत बसल्यावर टेबलाखाली करडा पडतो. (टेबल म्हणजे वरचा सपाट मोठा पैलू.)

जाता जाता : जीआयए गोल हिऱ्यांना कटची श्रेणी देऊ लागली २००६ पासून. त्यामुळे त्याआधीचा रिपोर्ट घरात असेल तर त्यावर ती ओळ शोधू नका. आणि ही श्रेणी गोल खड्यांसाठी बेतलेली आहे. ओव्हल (लंबगोल) किंवा पेअर (थेंबाच्या आकाराचा) घेणार असाल तर मधोमध फुलपाखरासारखी काळी सावली पडते का ते बघा, बाकी कोनांच्या भानगडीत पडू नका.

आता रंग. ई आणि जी यांच्यात दोन पायऱ्या आहेत हे खरं. पण रंग ठरवताना खडा उलटा, टेबलाचा पैलू खाली येईल असा पालथा घालून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून बाजूने बघतात. कारण सुलटा ठेवला तर रंग पकडणंच अवघड. तुम्ही अंगठी पिवळ्या सोन्यात करताय असं लिहिलंय. पिवळ्या सोन्यात बसवलेला जी पांढराच दिसतो. प्लॅटिनम असतं आणि शेजारी दोन छोटे डी रंगाचे खडे लावायचे असते, तर मी वेगळा विचार केला असता.

एक गोष्ट मात्र ही अक्षरं सांगत नाहीत, आणि तिथे डोळेच लागतात. बाजारात आम्ही ‘नो बीजीएम’ म्हणतो : ब्राउन नको, ग्रीन नको, मिल्की नको. रिपोर्टवर जी आहे, पण छटा तपकिरी आहे की खडा दुधाळ आहे, हे त्या एका अक्षरात उमटत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, “हा नो बीजीएम आहे ना?” हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्याचा सूर बदलतो, हा फायदा वेगळाच.

घरच्यांना ‘डागाचा खडा’ म्हणून पटणार नाही, या तुमच्या अडचणीची मी थट्टा करणार नाही. हिरा निर्दोष हवा ही आपल्याकडची जुनी धारणा आहे. जुन्या रत्नपरीक्षेत दोषांना काकपद, माशी, केस अशी नावं आहेत. कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशीसारखा ठिपका, केसासारखी रेघ. ही सगळी नुसत्या डोळ्यांना खुपणाऱ्या दोषांची नावं आहेत. व्हीएस२ मधला दोष दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली जाणकाराला दिसतो. आजीने चष्मा लावून, खिडकीत उभं राहून बघितलं तरी तुमच्या ४६ सेंटच्या खड्यात तिला काकपद सापडणार नाही. व्हीव्हीएस२ मधला दोष तर भिंगाखालीही मुश्किलीने दिसतो. म्हणजे या दोन पायऱ्यांसाठी तुम्ही जे जास्त मोजताय, ते अशा फरकासाठी जो घरातलं कुणीही कधी बघणार नाही. एसआय घेत असता तर गोष्ट निराळी. तिथे काळा ठिपका टेबलाच्या मधोमध आहे की पांढरी रेघ कडेला, हे बघितल्याशिवाय मी होकार दिला नसता. आणि या वजनाच्या खड्यांना जीआयएचा जो छोटा रिपोर्ट मिळतो, ज्याला डोसिए म्हणतात, त्यावर दोष कुठे आहेत याचा नकाशाच नसतो. मग खडा हातात घेण्यावाचून दुसरा इलाज काय?

विक्रीचं. इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. साखरपुड्याची अंगठी गुंतवणूक म्हणून घेऊ नका, पहिली घ्या नाहीतर दुसरी. बिलावरचा ३ टक्के जीएसटी परत येत नाही. घडणावळ परत येत नाही. सोन्याचा भाग वजनाने आणि त्या दिवसाच्या भावाने सुटतो, त्यासाठी ७५० किंवा ५८५चा हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) बघून घ्या. पण तो हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा आहे, हिऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हिऱ्याची किंमत तुमच्या हातात काय पडेल ते दुकानाच्या बायबॅकच्या अटींवर ठरतं : टक्केवारी खरेदीच्या किमतीवर की त्या दिवसाच्या किमतीवर, रोख मिळणार की फक्त बदलून दुसरा दागिना, रिपोर्ट हरवला तर काय. हे तोंडी नको, बिलावर किंवा लेटरहेडवर लिहून घ्या. ई-व्हीव्हीएस२ असल्याने विकताना काही जास्त येईलही, पण ते जास्त तुम्ही घेतानाच भरलेलं असतं. आणि ‘गुड’ कट विकतानाही गुडच राहतो. घेणारा व्यापारी रिपोर्टची चौथी ओळ गाळत नाही.

लॅब-ग्रोनवर लिहिलं नाही कारण तो लेख खाणीतल्या हिऱ्यांचा होता. हितसंबंध वगैरे काही नाही, पण विषय काढलाच आहे तर सांगते. लॅबमधला हिरा हा हिराच आहे, तोच कार्बन, तीच कठिणता. अमेरिकन डायमंडशी त्याची गल्लत करू नका, तो क्युबिक झिर्कोनिया, वेगळाच पदार्थ. ‘जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबचा होता,’ हे आता दुकानातला सेल्समन सुद्धा तोंडपाठ सांगतो. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत इतके घसरलेत की पुढे विकायचा विचार करणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, त्याकडे मोठ्या आशेने बघू नये. विकायचंच नसेल आणि मोठा खडा हवा असेल तर बेलाशक घ्या, फक्त त्याची तुलना लॅबच्याच खड्यांशी करा. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने लॅबच्या हिऱ्यांना डी-ई-एफ आणि व्हीएस ही अक्षरं देणं थांबवलंय. तिथे आता ‘प्रीमियम’ नाहीतर ‘स्टँडर्ड’ एवढंच मिळतं. इतर काही ठिकाणी अजून जुनीच अक्षरं चालतात, त्यामुळे रिपोर्ट कुणाचा आहे ते आधी बघा.

आता शनिवारी दुकानात जाणार असाल तर एवढं करा. दोन्ही खडे एकाच वेळी, सुटे मागा. एक सुटा आणि एक अंगठीत बसवलेला, अशी तुलना होत नाही. आधी दोन्ही पुसून घ्यायला सांगा, बोटाच्या तेलाने चांगला खडासुद्धा मेलेला दिसतो. मग काउंटरवरच्या स्पॉटलाइटखालून उठा आणि दाराशी, नाहीतर खिडकीशी चला, थेट उन्हात नको. पांढऱ्या कागदाची घडी करून खाचेत दोन्ही शेजारी ठेवा, वरून तळहाताची सावली धरा, आणि हळूहळू हलवा. सावलीतही जो उजळ राहतो तो बघा. त्यांच्याकडचा आयग्लास (भिंग) मागून गर्डलवर कोरलेला नंबर वाचायला लावा आणि तो रिपोर्टच्या नंबरशी जुळवा. जीआयएच्या साइटवर रिपोर्ट तिथेच मोबाइलवर उघडता येतो. आणि शक्य असेल तर होणाऱ्या बायकोला बरोबर न्या. कुठला खडा किती सेंटचा हे तिला आधी सांगू नका.

एवढं करूनही पहिलाच आवडला तर पहिला घ्या. माझं काही म्हणणं नाही. पण मग ५० सेंटच्या आकड्याचे पैसे आपण देतोय हे माहीत असू द्या, आणि गुड कट दाखवून भावात घासाघीस जरूर करा. त्याला जागा असते.

राहिलं दुकानाचं नाव. तुम्ही पुण्यातलं एखादं ‘खात्रीचं’ सुचवा म्हणालात, ते मी इथे कधीच सुचवत नाही. प्रतिक्रियांत कुणी सुचवलं तर तेही उडवते, त्यामुळे आधीच सांगून ठेवते, कुणी रागावू नका.