जायची सोय आहे, यायची नाही

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक मी दोन मार्कांसाठी घोकला होता. त्यातले खारे वारे पुढे प्रत्यक्ष अंगावर येतील, याची बाईंनी काही कल्पना दिली नव्हती. गोव्यात मोरजीला उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारी जमीन तापली की ते वायव्येकडून सुटतात आणि काइटबोर्डिंग (पायांत बोर्ड अडकवून मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावणं) शिकणारी मंडळी पतंग फुगवायला बसतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे किनारा. उजवीकडे मी झोकात जातो. परत येण्याची मात्र पंचाईत आहे.

आता परत वळायचं, तर बोर्ड दोन्ही टोकांना सारखाच, म्हणजे तो फिरवायचीही गरज नाही. समोरचं आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी समजून दोनच्या काट्यावरचा पतंग सावकाश बारावर आणायचा, म्हणजे वेग मरतो. टाचांवरचा भार काढून बोर्ड सपाट करायचा. पतंग दहाकडे झुकवायचा, डावा पाय त्याच्या रोखाने लांबवायचा आणि निघायचं. वाळूवर बसून मला हे उत्तम जमतं.

पाण्यात पतंग बारावर झटकन नेला, की तो तुम्हाला उचलतो. बारावर रेंगाळला, तर तुम्ही बुडत जाता: आधी पोटऱ्या, मग कंबर, मग चेहऱ्यावरचा शहाणपणा. शिवाय घाबरलेला माणूस हातात असेल ते छातीशी ओढतो. इथे हातात असतो बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेली दांडी, आणि बार ओढला की पतंगाचा जोर वाढतो. म्हणजे जितकी भीती, तितका वेग! ‘ढील द्या, ढील!’ असं आमचा पेडण्याकडचा प्रशिक्षक ओरडत असतो. मी मान वर करून पतंगाची मनधरणी करत असलो, की त्याचा धीर सुटून कोंकणी सुरू होते: ‘वयर कित्याक पळयतात? वचपाचें थंय पळयात!’ जायचं तिकडे बघा, हे ठीक आहे. पण वीसेक मीटर दोऱ्यांच्या टोकाला एवढं मोठं धूड लटकत असताना त्याच्याकडे पाठ फिरवायला मन धजत नाही.

पतंग पाण्यात पडला की विषय संपावा, तर तेही नाही. लगेन्यू नावाच्या दोन फ्रेंच भावांनी 1984 साली फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो तरंगतो आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता येतो. घरी जाण्याचं एकमेव सन्माननीय कारण या भावांनी काढून घेतलं.

प्रत्येक फसलेल्या वळणागणिक वारा मला दक्षिणेला, शापोरा नदीच्या मुखाकडे सरकवतो. मग काखेत बोर्ड, डोक्यावर पतंग अशी वाळूतून उलटी पायपीट. जगभरचे काइटवाले तिला ‘वॉक ऑफ शेम’ म्हणतात. एकदा वाटेत कोल्हापूरच्या एका काकूंनी थांबवलं. ‘ओ भाऊ, एका राउंडचं किती घेता?’ मी म्हटलं, घेत नाही, देतो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘चला हो, ह्याचं काय खरं न्हाई.’

आणि परवा वळण जमलं. का जमलं ते विचारू नका. पतंग बारावरून सरकला, डावा पाय आपसूक पुढे गेला आणि किनारा, त्यावरचे शॅक, खुर्च्या, सगळं माझ्याकडे यायला लागलं. मी आनंदाने एक अस्सल पुणेरी आरोळीही ठोकली. एवढ्यात किनाऱ्याकडून एक रशियन मुलगी सुसाट निघाली, थेट माझ्या रोखाने. या खेळात बाहेर निघालेल्याचा हक्क पहिला. परत येणाऱ्याने बाजूला व्हायचं. इतके दिवस मी फक्त बाहेरच जात असल्यामुळे हा नियम मला फार न्याय्य वाटायचा.

ती ओरडत होती. मी बार छातीशी ओढला.